विसावा दोघांचा : लागुशच्या किनाऱ्यावर चार दिवस

आपल्या समाजातील माणूस प्रवासाला निघाला म्हणजे तो बहुधा एकटा नसतो आणि बहुधा मौजेखातरही निघालेला नसतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, वीस मार्चला महाड, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि पदरी थोडे पैसे साठले की बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर. एस.टी. किंवा रेल्वेचा साधा डबा, सोबत भाकरीचे गाठोडे आणि वस्तीतील वीस-पंचवीस माणसे. या प्रवासांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले. त्यांचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. परंतु नवरा-बायको दोघेच, कुठल्याही कार्यक्रमाशिवाय, कोणाच्या लग्नाशिवाय वा मयतीशिवाय, केवळ एकमेकांच्या सहवासासाठी चार दिवस घराबाहेर पडले, असे आपल्या किती घरांत घडते? तीस-तीस वर्षे संसार होतो. मुले शिकतात, नोकरीला लागतात. आणि मग दोघे समोरासमोर बसले की बोलायला गॅस सिलिंडर आणि विजेच्या बिलाखेरीज विषय नसतो.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. मला तसे वाटत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुट्टीची तरतूद झाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हा विचार या देशाच्या कायद्यात येण्यामागे बाबासाहेबांचे श्रम आहेत. आपण नोकरदार मंडळी हा हक्क दरवर्षी वापरतो, निदान रजा साठवून तिचे पैसे तरी घेतो. घरातील बाईच्या नावावर मात्र एक दिवसाचीही रजा जमा नसते. या लेखात चार दिवसांच्या सहलीची जी आखणी मांडतो आहे, ती प्रथम तिच्यासाठी आहे.

उत्पन्नाचा विसावा भाग समाजाला द्यावा, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. तो आधी काढून ठेवावा. विसावा हिस्सा दिल्यावर जो विसावा घ्यायचा, त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवण्याचे कारण नाही.

स्थळ सुचवितो ते थोडे लांबचे आहे. पोर्तुगालच्या दक्षिण भागाला आल्गार्व म्हणतात. त्याच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागात, बेंसाफ्रीं नदीच्या मुखाशी लागुश नावाचे बंदराचे शहर आहे. आपण नकाशावर त्याचे नाव लागोस असे वाचू. नायजेरियातील प्रचंड लागोस शहर वेगळे, आणि त्याला हे नाव पोर्तुगीजांनीच दिलेले आहे. विमानाचे तिकीट शोधताना यंत्रावर नुसते ‘लागोस’ घातले तर थेट आफ्रिकेचे तिकीट समोर येते, एवढे ध्यानात ठेवावे. आपल्या लागुशला प्रवासी विमाने उतरत नाहीत. फारो किंवा लिस्बनला उतरून तेथे जावे लागते.

लिस्बन सोडून लागुश कशासाठी? लिस्बन मोठे आहे, चढउताराचे आहे आणि पाहण्याची यादी लांब आहे. यादी हातात आली की आपला माणूस विश्रांती विसरतो आणि सकाळी सहाला बायकोला उठवून ‘चल, अजून चार ठिकाणे राहिली’ असे सुरू करतो. लागुशचा जुना भाग तटबंदीच्या आत आहे, तो पायी अर्ध्या तासात ओलांडता येतो. समुद्र गावाला लागून आहे. दुसरे कारण असे की, या लहानशा गावात आपल्या माणसाने उभे राहून विचार करावा अशी एक जागा आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आधी कागदपत्रे

कारकुनी पेशाचा माणूस असल्यामुळे कागदापासून सुरुवात करतो. पोर्तुगाल शेंगेन गटातील देश आहे. या गटाच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये, उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची तारीख मिळतानाच दिवस जातात. तीस हजार युरोपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. ज्यांची मुले जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये आहेत, ते आई-वडील मुलाकडे जाण्यासाठी काढलेल्या मुदतीतील शेंगेन व्हिसावरच पोर्तुगालला जाऊ शकतात. ज्यांची मुले लंडन वा डब्लिनला आहेत त्यांना तसे करता येत नाही. इंग्लंड आणि आयर्लंड या गटाबाहेर आहेत, तेव्हा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.

हे एवढ्यासाठी सांगितले की, मुलाकडे परदेशात गेलेल्या आपल्या बऱ्याच आई-वडिलांचे सहा महिने नातवंड सांभाळण्यात आणि पोळ्या लाटण्यात जातात. नातवंडाची माया कोणाला नसते? पण त्यातले चार दिवस दोघांनी स्वतःसाठी काढावेत आणि मुलांनी ते काढून द्यावेत. खरे तर वाढदिवसाला आईला साडी देण्यापेक्षा ही भेट बरी.

सरकारी वा निमसरकारी नोकरी असेल तर परदेश प्रवासासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी आणि ना-हरकत पत्र लागते. तो अर्ज आस्थापना शाखेत किती टेबले फिरतो हे मी वेगळे सांगायला नको. विमानाचे तिकीट काढण्याआधी त्याच्या मागे लागावे. एल.टी.सी. परदेशाला लागू नाही, त्यामुळे हा खर्च साठवणीतूनच करायचा आहे. म्हणून दोन वर्षे आधी पोस्टात किंवा बँकेत दरमहा एक आवर्ती ठेव दोघांच्या नावाने उघडावी, आणि तिला हात लावण्याचा अधिकार एकट्याला नसावा.

मोसम मे, जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा चांगला. ऑगस्टमध्ये सारा युरोप तेथे लोटतो, भाडी चढतात आणि किनाऱ्यावर चटई टाकायला जागा उरत नाही. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च पडतो. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. मुंबई-नागपूरहून गेलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी चुकल्यासारखे वाटते, जेवायचे केव्हा ते कळत नाही.

खोलीविषयी माझे मत पक्के आहे आणि ते काहींना रुचणार नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ नये. ‘बाहेरचे महाग पडते, दोन वेळचे खोलीवरच करू’ या हिशोबाने आपली मंडळी कुकर, मसाल्याच्या पुड्या आणि दोन किलो पीठ घेऊन निघतात. मग समुद्र खिडकीतून दिसतो आणि बाई भाजी चिरत असते. असे करायचे असेल तर विमानाचे भाडे कशाला भरायचे? तटबंदीच्या आत लहान अतिथिगृहे आहेत, सकाळची न्याहारी त्यांत येते. तेवढी पुरे. फक्त खोली घेताना लिफ्ट आहे का हे विचारावे. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, आणि गुडघे आपलेच असतात.

फारोहून लागुशला साधी आगगाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. लिस्बनहून यायचे तर विमानतळापासून मेट्रोने तिसऱ्या थांब्यावर ओरिएंते स्थानक आहे, तेथून गाडी पकडून तूनेशला बदलावी लागते. चार तास धरून चालावे. तेथील रेल्वेत ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे भाडे असते, तेव्हा पारपत्र हाताशी ठेवावे. लागुशचे स्थानक नदीच्या पलीकडे आहे. होड्यांच्या धक्क्याजवळून, पादचारी पुलावरून चालत आले की समोर गाव.

गावकुसाबाहेर

पहिला दिवस झोपेचा आणि पाय मोकळे करण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तटाजवळच्या इन्फांते दों हेन्रिक चौकात जावे. चौकाला ज्याचे नाव आहे त्या राजपुत्र हेन्रीचा पुतळा तेथे बसलेला आहे. १९६० साली, त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा तो उभारला. आपण शाळेत त्याला ‘दर्यावर्दी हेन्री’ म्हणून शिकलो. त्याच चौकाच्या कोपऱ्यावर कमानींची एक बेताची इमारत आहे. तिला गुलामांचा बाजार म्हणतात. इमारत नंतरच्या काळातील आहे, परंतु जागा जुनी. आत गुलामगिरीच्या इतिहासाचे लहानसे संग्रहालय आहे. तेथील बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून वार पाहून जावे.

८ ऑगस्ट १४४४ या दिवशी लागुशला काही गलबते लागली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, आजच्या मॉरिटानियाच्या बाजूने, पकडून आणलेली २३५ माणसे त्यांत होती. पुरुष, बाया, पोरे. त्यांना गावाच्या वेशीबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभे केले आणि त्यांचे पाच वाटे केले. राजपुत्र घोड्यावर बसून पाहत होता. त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा म्हणून ४६ माणसे आली. हे कोण सांगतो? त्याचाच स्तुतिपाठक बखरकार, गोमिश इयानिश द झुरारा. वाटे करताना आईपासून लेकरू, नवऱ्यापासून बायको, भावापासून भाऊ तोडला गेला, बाया पोरांना छातीशी धरून जमिनीवर लोळण घेत होत्या, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचेही मन हलले असावे. पण पुढे तो म्हणतो की या लोकांच्या आत्म्यांचा उद्धार झाला. लुटीला धर्माचे वस्त्र चढविण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

गावात एक दुसरी जागा आहे, ती पर्यटकांच्या नकाशावर ठळक नसते. २००९ साली तटाबाहेर भुयारी वाहनतळासाठी खोदकाम चालू असताना जुन्या उकिरड्यात माणसांचे सांगाडे सापडले. दीडशेहून अधिक. पंधराव्या ते सतराव्या शतकातील, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. काहींचे हातपाय बांधलेले असावेत असे त्यांच्या स्थितीवरून दिसले. त्या भागाचे नाव वाल द गाफारिया, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या वस्तीचे खोरे. मेलेला गुलाम पुरण्यासाठी गावाच्या हद्दीत जागा नव्हती, त्याला कुष्ठरोग्यांच्या वस्तीजवळ कचऱ्यात टाकला. आज तेथे गाड्या उभ्या राहतात आणि वर लहानसे गोल्फचे मैदान आहे. गावकूस म्हणजे काय हे आपल्याला शब्दकोशात पाहावे लागत नाही. तो तट पाहताना आपल्या वाचकाच्या मनात जे येईल ते इतर प्रवाशांच्या मनात येणार नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांनी अमेरिका पाहिली नव्हती, पण नाते ओळखले. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना सविस्तर मांडली आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ तरी असे. अस्पृश्याला जगविण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, असा त्यांचा मुद्दा होता. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्रही लिहिले होते. ‘गुलामगिरी’ची छोटी प्रत सामानात जड होत नाही. दुपारी खोलीवर दोघांनी मिळून वाचावी, एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडल्या पडल्या ऐकावे.

विश्रांतीच्या सहलीत हे दुःख कशाला, असे कोणी विचारील. मला विचाराल तर, नवरा-बायकोने केवळ हसऱ्या गोष्टीच एकत्र पाहाव्यात असे नाही. ताटातूट झालेल्या त्या माणसांच्या जागी उभे राहिल्यावर आपण दोघे एकत्र आहोत, आपली मुले आपल्या नावाने जगतात, याची किंमत कळते. पोर्तुगालच्या मुख्य भूमीत नव्या गुलामांची आयात १७६१ साली बंद झाली, सर्व साम्राज्यात गुलामगिरी संपायला १८६९ साल उजाडले. आणि हेच साम्राज्य १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात होते.

पाव, पगार आणि कास्ता

या साडेचारशे वर्षांत पोर्तुगीज भाषेचे काही शब्द आपल्या तोंडी असे बसले की ते परके वाटतच नाहीत. लागुशच्या बाजारात फिरताना याची गंमत दोघांनी घ्यावी. पावाला तेथे पांव म्हणतात, बटाट्याला बताता, साबणाला सबांव, अननसाला अननाश. चावीला शाव आणि चहाला शा. आपला कोबीही त्यांचाच. हापूस आंब्याच्या नावात आफोंसु द आल्बुकेर्क बसलेला आहे. गावालगतच्या एका छोट्या किनाऱ्याचे नावच प्राया दा बताता, म्हणजे बटाट्याचा किनारा. आणि नोकरदारांना सर्वांत आवडणारा शब्द, पगार. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे. जेवण झाल्यावर बिल मागायचे असेल तर ‘पगार’ एवढे म्हटले आणि खिशाकडे हात नेला तरी वाढप्याला समजते. आयुष्यभर पगार घेणाऱ्याने एकदा तो देऊनही पाहावा.

एक शब्द मात्र हसण्याचा नाही. इंग्रजीतील ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’पासून आला. वंश, वाण, जात असा त्याचा अर्थ. भारतात आलेल्या पोर्तुगीजांनी येथील समाजरचना पाहिली आणि तिला तो शब्द लावला. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्याच्या इंग्रजी शीर्षकात तोच शब्द आहे. आजच्या पोर्तुगालमध्ये हा शब्द रोजच्या वापरात कुठे दिसतो? दारूच्या बाटलीवर. द्राक्षाच्या वाणाला ते कास्ता म्हणतात, आणि बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर अमुक अमुक कास्ता असे छापलेले असते. पंचशील पाळणाऱ्याने बाटली उघडू नये, चिठ्ठी वाचायला हरकत नाही. द्राक्षांना लावायचा शब्द त्यांनी आपल्याला लावला, आणि गोव्यात धर्मांतर केलेल्यांच्याही जाती धर्मांतरानंतर गेल्या नाहीत.

जेवणाबद्दल. टेबलावर बसताच वाढपी न विचारता पाव, ऑलिव्ह, लोणी किंवा चीज आणून ठेवतो. आपल्याकडे कांदा-लिंबू येते तसे हे फुकट असेल असे वाटते, पण ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात येते, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगावे, कोणी वाईट मानत नाही. दुपारी ‘प्रातु दु दिया’ म्हणजे आजचे ताट मागावे, ते स्वस्त पडते. पूर्ण पदार्थ दोघांना पुरून उरतो, अर्धा हवा असेल तर ‘मेया दोझ’ म्हणावे. कोकणातल्या मंडळींना तेथे घरच्यासारखे वाटेल. जून ते सप्टेंबर तारली भरलेली असते, ती जाड मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर देतात. मसाला नाही, तेव्हा पहिल्या घासाला फिकी लागते. दुसऱ्या घासाला माशाची खरी चव येते. आल्गार्वची खासियत म्हणजे काताप्लाना. दोन तांब्याच्या वाट्या शिंपल्यासारख्या एकमेकींवर मिटतात, त्यात मासळी, शिंपल्या, कांदा, टोमॅटो वाफेवर शिजतो आणि भांडे टेबलावर आणून उघडतात. ही एक भांडेभर वस्तू दोघांसाठीच असते, बहुतेक ठिकाणी एकट्याला देतही नाहीत. मांस-मासळी न खाणाऱ्यांनी सूप मागताना आत डुकराच्या मांसाचा तुकडा नाही ना, हे विचारून घ्यावे. अगदीच डाळ-भाताची आठवण झाली तर गावात भारतीय आणि नेपाळी उपाहारगृहे आहेत.

आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचे आणि बाईने ‘ओब्रिगादा’. हा फरक लक्षात ठेवण्यात दोघांची चार वेळा फजिती होते, आणि वाढपीही हसतात.

समुद्र

तिसरा दिवस समुद्राचा. गावाच्या दक्षिणेला दोन-अडीच किलोमीटरवर पोंता दा पिएदादे नावाचे टोक आहे. पिवळ्या-तांबूस चुनखडीचे कडे समुद्राने कोरून कोरून त्यांच्या कमानी, खांब आणि गुहा केल्या आहेत. वर १९१३ सालचे दीपगृह आहे. कड्यावरून लाकडी फळ्यांची वाट बांधलेली आहे, त्यावरून वयस्कर माणूसही चालू शकतो. खाली पाण्यापर्यंत दीडशेहून अधिक पायऱ्या आहेत. उतरताना चढायचे आहे हे लक्षात असू द्यावे. त्यापेक्षा गावातल्या धक्क्यावरून लहान होडी घ्यावी. समुद्र शांत असेल तर नावाडी गुहेच्या आत होडी नेतो आणि वरच्या भोकातून पाण्यावर ऊन पडते, तेव्हा सारे पाणी हिरवे होते.

दोना आना आणि कामिलु हे कड्यांच्या कुशीतले किनारे प्रसिद्ध आहेत. तेथे कड्याच्या सावलीत बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. ही चुनखडी ढासळते. २००९ साली याच आल्गार्वमध्ये आल्बुफैराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच माणसे गेली. धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या खऱ्या मानाव्यात. पाणी अटलांटिकचे, ऐन उन्हाळ्यातही पाऊल घातले की शहारे येतात. हिरवे निशाण असेल तेव्हाच उतरावे, पिवळ्याला पोहू नये, लाल असेल तर पाण्यात जाऊच नये. कपड्यांचा संकोच नको. तेथे कोणी तोकड्या वस्त्रात असते, कोणी पूर्ण, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजवून उभे राहिले तरी चालते. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत, गावातले रस्ते लहान पांढऱ्या दगडांचे आहेत आणि ते घासून गुळगुळीत झाले आहेत.

पैशाचे पाकीट या चार दिवसांत बाईच्या हाती असावे असे मी सुचवितो. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची पत्नीप्रती जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यात तिचा मान ठेवणे, तिची अवहेलना न करणे, एकनिष्ठ राहणे, अलंकार देणे ही आहेत, आणि एक आहे तिच्या हाती अधिकार सोपविणे. आपण हे सुत्त मंगलपरिणयाच्या वेळी ऐकतो आणि अधिकाराचा अर्थ स्वयंपाकघराचा अधिकार एवढाच लावतो. आज कुठे जायचे, किती वेळ बसायचे, कधी परतायचे, हे तिने ठरवावे. ‘काहीच करायचे नाही, बसून राहायचे’ असे ती म्हणाली तर बसून राहावे. तेथील मेजांवर कॉफीचा एक पेला घेऊन लोक तासभर बसतात, उठा म्हणून कोणी सांगत नाही. रमाईंच्या वाट्याला असा एक तास आला नाही. १९३५ साली त्या गेल्या. नंतर बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

शेवटच्या संध्याकाळी नदी ओलांडून मेया प्राया या लांबच लांब किनाऱ्यावर जावे. चार किलोमीटर सपाट वाळू आहे, कडे नाहीत, चालणे सोपे. या किनाऱ्यालगत कोळ्यांची एक वस्ती आहे, तिची कथा आपल्या वाचकांना आवडेल. आल्गार्वच्या पूर्वेकडील मोंते गोर्दु गावातून मासेमारीसाठी आलेली ही कुटुंबे येथे गवताच्या झोपड्यांत राहत. गावातले लोक त्यांना हिणवून ‘इंडियन’ म्हणत, म्हणजे जंगली. आपल्याकडील नव्हे, अमेरिकेतील आदिवासींवरून. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमधील अनेक दशकांची हुकूमशाही सैनिकांच्या बंडाने, बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवून, संपली. त्यानंतर गरीब वस्त्यांसाठी घरबांधणीची सरकारी योजना निघाली. वास्तुविशारद जुझे वेलोझु यांच्या मदतीने या कोळी कुटुंबांनी, बायाबापड्यांनी, स्वतः दगड-विटा वाहून आपली पक्की घरे बांधली. वस्तीचे नाव २५ एप्रिल वसाहत. झेका आफोंसु नावाच्या लोकगायकाने १९७६ मध्ये त्यांच्यावर गाणे केले आणि हिणवण्याचे तेच नाव गाण्याच्या शीर्षकात मानाने ठेवले. ज्या समाजात वामनदादांनी हयातभर गाणी रचली, त्या समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही. २५ एप्रिल याच नावाची गल्ली जुन्या गावातही आहे, खाणावळींनी भरलेली. तारली खाताना पाटीवर नजर टाकावी.

वेळ उरला तर बसने साग्रेश आणि पुढे साँ व्हिसेंतच्या भूशिरावर जाता येते. युरोपच्या मुख्य भूमीचे ते नैर्ऋत्य टोक, वाऱ्याचा जोर मोठा. नाही गेले तरी बिघडत नाही.

घरी आणण्यासाठी दों रुद्रिगु नावाची मिठाई घ्यावी. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या शेवया आणि बदाम साखरेत घोटून रंगीत चकचकीत कागदात बांधलेली असते, लागुशची खास. अंडे न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी बदाम आणि सुके अंजीर आहेच. परतीच्या दिवशी फारोची गाडी विमानाच्या वेळेपेक्षा बरीच आधीची पकडावी, कारण दिवसात गाड्या मोजक्या आहेत. फारो स्थानकापासून विमानतळापर्यंत शहर बस जाते. मुलांना फोन करायचा तर उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेचार तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेपाच. तेथे रात्रीचे नऊ वाजून सूर्य मावळत असतो तेव्हा इकडे दीड वाजलेला असतो, म्हणून फोन दुपारीच करून घ्यावा.